मातीनं परत केलेला घास

॥ श्री ॥

युसूफ वडगाव,
ता. १६ जानेवारी १९७३

ती. गंगाअक्कास,
धाकट्या रेवणसिद्धचा शरणार्थ. वि. वि.

इकडील सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढं वाच.

संक्रांतीला तू आली नाहीस ते बरंच झालं. तीळ नव्हते, आणि गूळ पेठेतला म्हणून आप्पांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. शिवकांतानं हुलग्याचं माडगं केलं, तेच गोड मानून प्यालो. हसू नको. आपल्या घरात आता आपल्या रानात पिकलेलंच शिजतं. आप्पांची तशी आण आहे आणि तिचं कारण आई आहे.

आईला जाऊन दोन महिने झाले. पिंपरणीच्या झाडाखालच्या तुकड्यात आपण तिला समाधीत बसवलं, माती लोटली, आप्पांनी स्वतः ती धुमसून सारखी केली, तू तिथंच उभी होतीस. तू बीडला गेलीस आणि पंधरा दिवसांत तिथं भेग पडली. आपल्या गड्यानं, धुळाजीनं, दोन टोपली माती टाकून बुजवली. आठ दिवसांत पुन्हा तिथंच. पाच वेळा बुजवून झाली अक्का. मी आप्पांना सांगितलं की काळी माती आहे, यंदा पाऊस नाही, सगळ्या शिवारात शेळीचा पाय अडकंल एवढ्या भेगा आहेत. तर म्हणाले, त्या लांब हायेत, ही गोल हाय, आन् तोंडाच्या जागी हाय. 

त्यांचं ते जुनं बोलणं तुला ठाऊक आहे, ज्या मातीचं खाल्लं तीच माती माणसाला घेती. आता त्यांच्या मनानं घेतलंय की आईला शेवटी कुणीतरी परकं धान्य चारलं, म्हणून आपली माती तिला घेत नाही. ती घेईपर्यंत या घरात बाहेरचा दाणा नाही. गंमत बघ, मी सोसायटीचा सचिव. आख्ख्या गावाला सरकारी लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, माझ्या हातानं मापून देतो, आणि घरी आलो की आप्पा मला अंगणात उभं करून कपडे झटकायला लावतात.

घरामागच्या धान्याच्या पेवात धुळाजी उतरून आला. चैत्रापर्यंत शाळू पुरेल म्हणतो, तोही हात आखडून खाल्ला तर. शिवकांताला चौथा महिना लागलाय. मागच्या खेपेचं तुला माहीत आहे, तेव्हा काळजी काय आहे ते लिहीत नाही.

भाऊजींना शरणार्थ सांग. धाकट्यावर माया आहे तशी राहू दे.

तुझा,
रेवणसिद्ध


॥ श्री ॥

बीड,
ता. २५ जानेवारी १९७३

चि. रेवणसिद्ध यास गंगासागरचे लाख आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाचून हसावं का कपाळ बडवून घ्यावं कळंना. आप्पांना माझं नाव सांगून इचार, मीठ आपल्या कोणत्या बांधाला पिकतंय? आन् सकाळचा चहा? त्यो कुणी पेरला?

इकडं बिंदुसरा कोरडी ठाक हाय. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. आमच्या ह्यांच्या दुकानात माल कमी आन् चौकशा जास्त. आमीबी मिलोच खातो. भाकर लाल व्हती, वातड व्हती, पर पोट भरतंय. परवा एक करपली तर आईची लई आठवण आली. मी करपवलेली भाकर ती कधी खायची न्हाई, रागवायचीबी न्हाई. गपचूप माझ्या ताटात परत आणून ठेवायची. आठवतंय का?

आमच्या गल्लीतली छबुबाई वडगावला चाललीय, तिच्याजवळ मिलोचं एक गठुडं देते. आप्पांच्या नजरंआड शिवकांताला भाकर करून घाल. दोन जिवांची बाई नुसत्या माडग्यावर कशी तगंल? आणशपथ म्हाताऱ्या माणसानं पाळावी, पोटातल्या लेकराला कशापायी?

आप्पांचा कुणावर संशय हाय का, तेवढं मातर लिही.

भावजयीला जप. बहिणीला इसरू नको.

तुझी,
गंगाअक्का


॥ श्री ॥

युसूफ वडगाव,
ता. १८ फेब्रुवारी १९७३

ती. गंगाअक्कास शरणार्थ. वि. वि.

तू मिठाचं विचारलंस ते मी मुकाट्यानं खिशात ठेवायला हवं होतं. हसत हसत आप्पांना वाचून दाखवलं आणि त्याच दिवसापासून त्यांनी मीठ सोडलं. चहाही. आता अळणी खातोय. तुझ्या जिभेला हाड नाही आणि माझ्या डोक्यात मेंदू नाही.

गठुडं पोचलं, पण शिवकांतानं सोडलंच नाही. उतरंडीच्या तळाच्या मडक्यात दडवून ठेवलंय. मी रागावलो तर म्हणाली की पोटातलं याच मातीचं हाय, ह्या मातीनं मागल्या खेपेसारखं परत मागितलं तर मी काय करू? तिला आता आप्पांपेक्षा जास्त भीती बसली आहे.

भीती बसावी असंच झालंय. आप्पा रोज दिवस उगवताना घरच्या शाळूची एक भाकर आईच्या त्या भेगेत ठेवतात. दुसऱ्या दिवशी ती वर येते. कुत्र्यानं ओढली म्हणशील, तर दात लागलेला नाही. मुंगीसुद्धा नाही. एकदा मी स्वतः कोपरापर्यंत हात घालून ठेवली. अक्का, तळ लागला नाही, आणि आत हाताला गार लागायला हवं तर ऊन ऊन लागलं, चुलीच्या वैलासारखं. सकाळी भाकर मातीवर. शिवकांताच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे. अशा बारा भाकरी आप्पांनी पिंपरणीच्या बुडाशी मांडून ठेवल्या आहेत. टाकू देत नाहीत.

संशयाचं विचारलंस. नाव कुणाचं घेत नाहीत. एवढंच म्हणतात की ज्यानं चारलं त्यानं यावं, आपल्या मातीतल्या दाण्याची भाकर आपल्या हातानं करून तिला भरवावी, मंग ती निवल. आणि त्या माणसाच्या हातचं पाणी मी जलमात पिणार न्हाई, हेही म्हणतात.

धुळाजी सोडला तर रानाकडं आता कुणी फिरकत नाही. पत्राला उशीर करू नको.

तुझा,
रेवणसिद्ध


॥ श्री ॥

बीड,
ता. २६ फेब्रुवारी १९७३

चि. रेवणसिद्धास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र वाचून चुलीत घाल.

आईला मी चारलं.

तुला आठवतंय, आई जायच्या दिवशी मी सकाळच्या एस्टीनं आलते. तू डॉक्टरला आणाया गेलतास, आप्पा गोठ्यात व्हते. आईनं डोळे उघडले आन् मला इचारलं की तुझ्या घरचं काय आणलंस? मला वाटलं वात झाला. कारण माझ्या घरचं ती कधी खाणारच न्हाई. लेकीला लेकरू झाल्याबिगर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नसतं, ही आपल्यातली रीत. मला लगीन होऊन अकरा वर्सं झाली आन् पदर कोराच. अकरा वर्सांत आईनं माझ्या घरचा पाण्याचा घोट घेतला न्हाई. सणाला आली तरी येताना भाकर बांधून आणायची, माझ्या ओसरीवर बसून सोडायची. मी आत चुलीपाशी रडायचे, ती बाहेर घास गिळायची. दोघींनी कधी एकमेकींना बोलून दाखवलं न्हाई.

म्हणून तिनं मागितलं तवा माझ्या जिवाचं पाणी झालं. पिशवीत वाटंला बांधलेली मिलोची भाकर व्हती. पाण्यात कुस्करून चार घास भरवले. तिनं खाल्ले रेवण, चवीनं खाल्ले. बरी झालीय गं भाकर, असं म्हणाली. मंग ती बोललीच न्हाई.

सगळ्या जलमात आईनं माझ्या हातचं माझ्या घरचं तेवढंच खाल्लं. आन् आता आप्पा म्हणतात त्याच घासानं तिला माती घेईना. मी काय करू? सांगावं तर आप्पा माझ्या हातचं पाणी पिणार न्हाईत, मंग माहेर राहिलं कुठं? न सांगावं तर शिवकांताकडं बघवंना. तू शिकलेला हायस. तू सांग. तू म्हणशील तसं करीन.

तुझी,
गंगा


॥ श्री ॥

युसूफ वडगाव,
ता. १२ मे १९७३

ती. गंगाअक्कास शरणार्थ. वि. वि.

अडीच महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. दोनदा लिहायला बसलो. गप्प बस असं लिहिणार होतो, तेही लिहवलं नाही. सोसायटीत चार माणसांपुढं मोठ्यानं बोलणारा तुझा भाऊ घरात भागूबाई आहे, हे तुला आधीपासून ठाऊक आहे.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आईच्या भेगेतून हिरवा कोंब आला. अक्का, शिवारात दूर्वा नाही, बाभळी वठल्या, आणि तिथं ज्वारीचा कोंब. आप्पा नाचायचे तेवढे राहिले. आपला शाळू हाय म्हणाले, तुझ्या आईनं भाकरी परत केल्या आन् दाणा ठेवून घेतला. आपल्या वाट्याचं पिण्याचं पाणी ते त्याला घालतात. ज्वारीचं ताट आता माझ्या खांद्याला आलंय. वारा नसला तरी पानं सळसळतात, म्हणून धुळाजी तिकडं पाठ करून बसत नाही.

आठ दिवसांपूर्वी कणीस बाहेर पडलं. दाणे भरतायत. लाल आहेत. रोज पोत्यानं बघतो मी, मला फसता येणार नाही. तो मिलो आहे.

आप्पांना दिसत नाही असं नाही. ते कणसाकडं बघत बसतात.

पेव संपलं. धुळाजीनं तळाची माती चाळून दाणे काढले, तेही संपत आलेत. आप्पा आपला वाटा शिवकांताला देतात आणि स्वतः उंबरं चघळतात. शिवकांताचे पाय सुजलेत. काल उठताना पडली. दवाखान्यातली बाई म्हणाली की हिच्या पोटात अन्न गेलं नाही तर महिन्याभरात दोघांपैकी एक जाईल. मी आप्पांच्या पाया पडलो. म्हणाले, ज्यानं चारलं त्याला आण. शिवकांताच्या पाया पडायचं तेवढं ठेवलंय.

नाव मी सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं आणि धीर झाला नाही. आता तूच काय ते ठरव.

तुझा,
रेवण


॥ श्री ॥

बीड,
ता. १७ मे १९७३

तीर्थस्वरूप आप्पांच्या चरणी लेक गंगासागरचा शरणार्थ. वि. वि.

आईला परकं धान्य मी चारलं. माझ्या घरची मिलोची भाकर व्हती. तिनं मागितली, मी दिली. रेवणला मी सांगितलं व्हतं, त्यानं माझ्या भीतीपायी तोंड मिटलं, त्याला बोल लावू नका.

तुमी म्हणाल तसं तिला भरवायला यीन. माझ्या हातचं पाणी पिऊ नका, पर शिवकांताला जेवू द्या. मी एक लेकराबिगर राहिले तेवढं बास झालं, त्या घरात दुसरी नको.

तुमची,
गंगासागर


॥ श्री ॥

यु. वडगाव,
ता. २२ मे

चि. गंगासागर हिस आप्पाचे आशीर्वाद. पत्र रामकिसन मास्तरांकडून वाचून घेतलं. हेही त्यांच्याच हातचं.

ये. येताना दाणा आणू नको. हात तेवढे आण.

आप्पा


॥ श्री ॥

बीड,
ता. २९ मे १९७३

चि. रेवणसिद्धास आशीर्वाद. वि. वि.

तू केजला मीटिंगला गेलास आन् मी आले. तुझी वाट न बघता परतले, कारण ह्यांना ताप हाय. आप्पा तुला काही सांगायचे न्हाईत, म्हणून सगळं लिहिते.

मी गेले तर आप्पा ओसरीवर नव्हते. रानात, आईपाशी बसलेले. किती वाळले रे! धोतरात माणूस हाय का न्हाई कळंना. मला बघून बस म्हणाले न्हाईत. इळा पुढं केला आन् कणसाकडं बोट दाखवलं. मी म्हणाले की आप्पा, हे लाल हाय, आपलं न्हाई. तर म्हणाले की आपल्या मातीतलं हाय का न्हाई, तेवढं सांग. मी इळा हातात घेतला.

कणीस कापलं, पदरात चोळलं. ओंजळभर दाणे निघाले. घरी आईच्या जात्यावर दळून परत रानात आणले. आप्पांनी तिथंच तीन दगडांची चूल मांडली. तळहाताएवढी भाकर झाली. भाजताना मी घाई केली, तर आप्पा म्हणाले की सावकाश, करपवशील.

मंग त्यांनी इचारलं की ती काय म्हणाली व्हती? मी सांगितलं. परत सांग म्हणाले. तीनदा सांगायला लावलं. तुझ्या घरचं काय आणलंस, असं तिनंच इचारलं, हे तीनदा ऐकलं आन् म्हातारा माणूस लेकरावाणी हुंदके द्यायला लागला. मला म्हणाले की तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्सी आमी बीडला आलतो, तवा तुझ्या दारात आल्यावर ती म्हणाली व्हती, लेकीनं एवढं रांधलंय, दोन घास खाऊ. मी तिचा हात धरून परत नेली. स्टँडवर बसून बांधलेली भाकर खायला लावली. वास आला व्हता तुझ्या स्वैपाकाचा रस्त्यापर्यंत. त्यानंतर तिनं कधी इषय काढला न्हाई. मला वाटलं इसरली.

 दहा वर्सं मला वाटत व्हतं की रीत आईची हाय.

अर्धी भाकर घेऊन मी भेगेपाशी बसले. लहान लेकराला भरवावं तसा हात आत नेला आन् म्हणाले की आई, माझ्या हातची हाय. रेवण, तू म्हणतोस तशी आतून ऊब आली. आन् मग भाकर माझ्या बोटांतून गेली. पडली न्हाई. कुणी दोन बोटांनी हळू धरून घ्यावी तशी गेली. मी भ्याले न्हाई. हात बाहेर काढला तर बोटांना चाटल्यावाणी ओल.

आप्पांनी उरलेल्या अर्ध्यातला एक तुकडा तोंडात घातला. माझ्या हातचं पाणी मागितलं. प्याले. मंग शिवकांताकडं आले, राहिलेली तिला दिली आन् म्हणाले की उतरंडीच्या तळाला लेकीच्या घरचं गठुडं हाय, ते सोड, सगळ्यांना भाकरी टाक. त्यांना पहिल्यापासून ठाऊक व्हतं बघ! शिवकांता पाच भाकरी थापूस्तवर मी थांबले. सगळ्यांनी मिठाशी खाल्ल्या.

भेग बघून कळव.

तुझी,
गंगाअक्का


॥ श्री ॥

युसूफ वडगाव,
ता. १४ जून १९७३

ती. गंगाअक्कास शरणार्थ. वि. वि.

पहिल्यांदा गोड बातमी. शिवकांता सोमवारी मोकळी झाली. मुलगी. मांजराएवढी आहे, पण ओरडते अशी की धुळाजी बैलाच्या गोठ्यात जाऊन झोपतो. आप्पांनी कुणाला न विचारता नाव ठेवलं, बसम्मा. आईचं नाव पुन्हा घरात हाक मारायला मिळतंय.

त्या दिवशी मी केजहून आलो तर घरात मिलोचा वास. मला वाटलं चुकून शेजारच्या बंकटच्या घरात शिरलो. आता मी सोसायटीतून रीतसर कूपनावर आमचा वाटा आणतो आणि आप्पा कपडे झटकायला लावत नाहीत. गावाला त्यांनी सांगितलंय की लेकीच्या घरचं खातो आमी. सरकारचं नाव घेत नाहीत.

भेग मिटली. आप्पांनी सांगितलं म्हणून धुळाजीनं कुदळ मारून पाहिली तर खण्ण करून परत आली. सारवलेल्या जमिनीसारखी टणक झालीय. मांडलेल्या भाकरी आप्पांनी गाईला घातल्या.

एक गोष्ट तुला सांगायची नव्हती, पण मागच्या खेपेसारखं लपवून बसत नाही. कणीस तू कापलंस, खाली ताट उभं होतं. ते उपटायला मी गेलो. जोर लावायला वाकलो तर नुसतं हातात आलं. अक्का, त्याला मुळंच नव्हती. एकही नाही. बुडाशी साफ गुळगुळीत देठ, खालून कुणी इतके दिवस धरून ठेवावं आणि काम झाल्यावर सोडून द्यावं तसा. आप्पांना दाखवला. त्यांनी तो हातात फिरवला आणि म्हणाले की आता तिचं इथलं झालं.

बाळाला बघायला ये. येताना दाणा आण.

तुझा,
रेवणसिद्ध


॥ श्री ॥

बीड,
ता. ३० जून १९७३

चि. रेवणसिद्ध व सौ. शिवकांता यांस आशीर्वाद. बसम्मेला आत्याचे मुके. वि. वि.

बाळंतिणीला हळीव पाठवते. आप्पांना इचारून बघ, हळीव कोणत्या लेकीच्या रानात पिकतो! बाळाला बघायला पंधरा दिवसांत यीन. त्याआधी घर सोडवत न्हाई, कारण सांगते.

माझ्या अंगणात, भांडी घासायच्या दगडाशी, ज्वारीचा कोंब आलाय. हे म्हणतात की धान्य पाखडताना दाणा सांडला असंल. असंल बाबा. पर दगडाखाली फरशी हाय आन् फरशीला भेग व्हती का न्हाई ते मला आठवंना. आता गोल भेग हाय, वाटीएवढी. मी ती बुजवली न्हाई.

रोज दुपारी एक भाकर तिथं ठेवते. सांजेला नसते. मी कुणाला सांगितलं न्हाई, तूबी आप्पांना सांगू नको, न्हाईतर ते भाकर बांधून ओसरीवर येऊन बसतील. अकरा वर्सं वाट बघितली रेवण. आता तिला सावकाश जेवू दे.

तुमच्या तिघांवर न् म्हाताऱ्यावर जीव हाय, तसाच तुमचाबी माझ्यावर राहू द्या.

तुझी,
गंगाअक्का

ता. क. काल शेजारणीशी बोलत बसले आन् भाकर करपली. तशीच ठेवली. सांजेला जेवायला बसले तर माझ्या ताटात व्हती.